चकाकी काढणारी माणसं

तंबाखूच्या वखारी जोरात असताना निपाणीत मॅट क्लिअर, म्हणजे रंगावरचा बिनचमकीचा पारदर्शक थर, मारू नये. हा नियम कुठं छापलेला नाही, पण आमच्याकडचा जाणता पेंटर तो पाळतो. वखारीत माल झाडायला, चाळायला लागले की खकाणा हवेत चढतो. बाहेरून आलेल्याला शिंका येतात, आम्हाला त्याचं काही वाटत नाही. पण ओल्या क्लिअरवर तो बसतोच. चकचकीत क्लिअरवर असा कण बसला तर फारसं बिघडत नाही. वाळू द्यायचं, दोन हजार नंबरचा पेपर पाण्यातून हलका फिरवायचा, कंपाउंड मारायचं, की कण गेला. मॅटला ही सोय नाही. जिथं घासाल तिथं चमक येणार, आणि काळ्या मडगार्डवर तो चमकता ठिपका कणापेक्षा वाईट दिसणार. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून.

हे सांगायचं कारण म्हणजे अलीकडं माझ्याकडं येणाऱ्या कामात कार्बन फायबरचे भाग वाढलेत. बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये मी बरीच वर्षं काढली, आता निपाणीत घराच्या मागच्या पडवीत हे काम करतो. पुढचं मडगार्ड, टाकीवरचं कव्हर, सायलेन्सरवरची हीट शील्ड असे भाग घेऊन मुलं येतात. चकचकीत घेतलेलं असतं ते मॅट करून हवं असतं, नाहीतर उन्हानं पांढुरकं पडलेलं असतं त्याला पुन्हा चमक हवी असते. मोबाइलवर बघून कितीतरी जण स्वतःच्या घरीही करतात, आणि चांगलं करतात. पण त्यांना वाटतं की हे काम कार्बनबरोबर जन्माला आलं. तसं नाही. बेळगाव ते निपाणी हा पाऊणशे किलोमीटरचा पट्टा धातू घासण्यात आणि रंगवण्यात शंभरावर वर्षं मुरलाय. ज्यांनी हे काम इथं रुजवलं त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत, आणि त्यांनी रंगवलेल्या पाट्याही आता उतरल्यात. म्हणून लिहायला बसलो.

मोटारसायकलच्या आधीही आमच्या भागाला चकाकी ठाऊक होती, ती लाखेची. बेळगावातून आंबोलीचा घाट उतरलं की सावंतवाडी. तिथल्या गंजिफा आणि लाकडी खेळणी सगळ्यांनी पाहिलेली असतात. कातावर लाकूड फिरत असताना लाखेची कांडी टेकवायची, घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून लाकडावर पसरते, मग वाळलेलं केवड्याचं पान दाबून धरायचं की तिला तकाकी येते. घाटावरचे सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजवून कापडाच्या बोळ्यानं कपाटांना पॉलिश करत. एक हात, वाळवण, बारीक घासणं, पुन्हा एक हात. रंगाच्या डब्यांवरची नावं पुढं कितीदा बदलली, पण हा क्रम बदलला नाही. पातळ थर द्यायचा, तो घासायचा आणि पुढचा द्यायचा.

बेळगावात दुचाकी आली ती किर्लोस्करांच्या दुकानातून. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथं कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. रंगकाम सुटलं, यांत्रिक रेखाटन हाती आलं, आणि त्याच जोरावर ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागले. ते मुंबईहून सायकली पाठवायचे आणि बंधू रामूअण्णा बेळगावात विकायचे. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही पाटी १८८८ पासूनची. पुढं लक्ष्मणराव स्वतः बेळगावात आले, कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर करू लागले. नगरपालिकेला नव्या वसाहतीसाठी त्यांच्या कारखान्याची जागा हवी झाली, तेव्हा औंधच्या संस्थानिकांनी दिलेल्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावात त्यांच्या नावाचा रस्ता तेवढा राहिला.

ज्याचा डोळा रंगाला दगा देत होता, त्या माणसानं आमच्या गावात दुचाकी आणली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कारण आमच्या कामात डोळ्याचं महत्त्व लोक समजतात त्यापेक्षा कमी आहे. डोळा रंग बघतो. पृष्ठभाग कळतो तो तळहाताला. पत्र्याला आत गेलेला नखभर खड्डा नुसत्या नजरेला दिसत नाही, पण ओल्या पत्र्यावरून सरकणारा हात तिथं थबकतो.

त्या काळातल्या विलायती सायकली बहुतेक काळ्या असत, त्यावर सोनेरी बारीक रेषा. तो काळा रंग कारखान्याच्या भट्टीत भाजून पक्का केलेला असे. इथं भट्टी कुठून आणायची? म्हणून रंग उडालेल्या सायकलीला डब्यातला ब्लॅक जपान हा काळा रंग ब्रशनं लावायचे. तो वाळायला वेळ घेई, तेवढ्यात धूळ बसे, आणि ब्रशचे ओरखडे कायमचे राहत. भट्टीची चमक हातानं काढायची कशी, हा प्रश्न आमच्या भागातल्या कारागिरांसमोर तेव्हाच उभा राहिला. मला तरी आमच्या धंद्याची सुरुवात तिथं दिसते.

मॅटची सुरुवात वेगळ्या बाजूनं झाली. बेळगाव म्हणजे कॅम्प, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र. लष्करी वाहनाला चमक चालत नाही, कारण सूर्याची तिरीप पडली की ते लांबून दिसतं. म्हणून त्यांचा रंग मुद्दाम बिनचमकीचा. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या बीएसए, नॉर्टन, मॅचलेस लिलावात निघाल्या. त्यांना सगळे ‘डिस्पोजलची गाडी’ म्हणत. अशी गाडी घेतलेला माणूस पहिलं काम काय करी, तर तो शेवाळी रंग खरवडून काढी आणि काळा कुळकुळीत, आरशासारखा रंग मारून घेई. मॅट म्हणजे सरकारी आणि अर्धवट. पुढं १९५५ पासून मद्रासला एन्फील्डची बुलेट जुळू लागली, तीही आधी लष्करासाठीच. नागरी बुलेट मात्र चकचकीत काळी आली, टाकीवर हातानं ओढलेल्या सोनेरी रेषा घेऊन. ज्या बिनचमकीच्या रंगाला आमच्या आजोबांच्या पिढीनं खरवडून काढलं, त्याच्यासाठी आज नातवंडं पैसे मोजतात. मला यात काही वावगं वाटत नाही. मॅट नीट बसवायला जास्त कसब लागतं, हे मी रोज बघतो.

आमच्या घरात हा धंदा थोरल्या चुलत्यांनी आणला. सगळे त्यांना पेंटरआण्णा म्हणत. निपाणीत जुन्या पी. बी. रोडला त्यांचं पत्र्याचं शेड होतं. पुणे-बंगळूर रस्ता तेव्हा गावातून जायचा, त्यामुळं ट्रकवाले, मोटारवाले, बुलेटवाले सगळे दारावरून जात. त्यांच्या उमेदीच्या काळात गाडी म्हणजे जावा. १९५६च्या १ नोव्हेंबरला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, आणि १९६१ साली म्हैसूरला इराणी मंडळींच्या आयडियल जावा कारखान्यातून गाड्या निघू लागल्या. १९७३ला तिचं नाव येझदी झालं, १९९६ला कारखाना बंद पडला. जावाची टाकी बघायची तर पहिल्या घडणीची बघावी: मरून रंग, दोन्ही अंगांना क्रोम, गुडघ्याला रबर, आणि जिथं रंग संपून क्रोम सुरू होतं तिथं एक सोनेरी रेघ. ती रेघ उगाच दिलेली नव्हती. रंगाची कड तिथं उघडी पडते, पाणी आत शिरतं, आणि रंग सोलायला तिथूनच सुरुवात होते. रेघेनं ती कड झाकली जाते.

आण्णांकडं टाकी आली की तिचं काय व्हायचं ते सांगतो. आधी पेट्रोल काढून टाकी पाण्यानं भरून ठेवायची, वाफ उरू नये म्हणून. मग कॉस्टिकच्या पाण्यानं जुना रंग उतरवायचा. हे काम शेडच्या मागं, हातात मोजे घालून चालायचं आणि आम्हा पोरांना तिकडं फिरकू देत नसत. उघड्या पत्र्यावरचा गंज एमरीनं काढायचा. खड्डा आतून उचलता आला तर उचलायचा, नाहीतर लांबी भरायची. अस्तर म्हणून रेड ऑक्साइड. लांबीचा थर कागदाएवढा. जाड भरलेली लांबी पहिल्या उन्हाळ्यात तडकते, म्हणून भरणं आणि घासणं पुन्हा पुन्हा. वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात बुडवायचा, बोटाच्या टोकानं न दाबता लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून फिरवायचा. बोटानं दाबलं की बोटाएवढ्या पन्हळी पडतात आणि त्या शेवटचा रंग मारल्यावरच दिसतात. आधी खरखरीत पेपर, मग चारशे नंबर, मग सहाशे.

रंग मारण्याच्या आधीची एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. टाकी सोड्यानं धुऊन आण्णा तिच्यावर तांब्यानं पाणी ओतत आणि बघत राहत. पाणी सगळीकडं एकसंध चादरीनं उतरलं तर ठीक. कुठं ते मागं सरलं, थेंब झाले, कोरडं बेट दिसलं, तर म्हणत, ‘‘पाणी फाटलं बघ. तेल आहे अजून.’’ पुन्हा धुवायचं. तेलाच्या बोटावर मारलेला रंग पुढं कधीतरी फोड येऊन उठतोच.

रंग ड्यूकोचा. अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीनं काढलेला हा नायट्रोसेल्युलोजचा रंग १९२३ साली जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. त्याआधी मोटारीचा रंग वाळायला आठवडे लागत, ड्यूको काही मिनिटांत हाताला लागेनासा होई. म्हणून जगभरच्या छोट्या शेडवाल्यांना तो वरदान ठरला. भट्टी नको, कपाट नको, एक कंप्रेसर आणि एक गन पुरे. कंपनी कुठलीही असो, आमच्याकडं गाडीच्या रंगाला ड्यूकोच म्हणायचे. पण तो गनमधून निघतो तेव्हा चमकत नाही. वाळला की मंद, किंचित दाणेदार दिसतो. पातळ पातळ कोट चढवायचे, मग बारीक पेपर, मग रबिंग कंपाउंड, मग मेण. ड्यूकोची सगळी चमक घासून आलेली असायची.

त्याचे दोन शत्रू होते. एक पेट्रोल. टाकीच्या झाकणाभोवती सांडलं की रंग मऊ पडून कडं उमटायचं; जुन्या गाडीच्या झाकणाखाली ते अजून दिसतं. दुसरा शत्रू पाऊस. थिनर भराभर उडून जाताना पत्रा थंड होतो, बेळगाव-निपाणीच्या आषाढातली दमट हवा त्यावर पाणी सोडते आणि रंग पांढरा पडतो. रिटार्डर घालून थिनरचा वेग कमी करता येतो, पण आण्णांचा त्याच्यावर भरवसा नव्हता. पावसाळाभर शेडमध्ये खरवडणं, ठोकणं, लांबी भरणं चालायचं. रंग ऊन पडल्यावर. त्यामुळं खंडेनवमीच्या पूजेला गाडी नवी करून हवी असलेल्यांची दसऱ्याआधी झुंबड उडे, आणि त्या दिवसांत आण्णा जेवायला घरी येत नसत, डबा शेडवर जाई.

लायनिंगचं काम ते सकाळी करत, चहा घ्यायच्या आधी. लांब केसांचा खारीच्या शेपटीचा ब्रश, त्यात घट्ट रंग, करंगळी टाकीच्या कडेवर टेकवलेली, आणि हाताबरोबर सगळं अंग सरकवत एका दमात रेघ. दमानं घेतलेली रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्या जाडीची येते. मध्ये थांबलात तर तिथं गाठ पडते. नंबरप्लेटही तेच लिहीत. मराठी, कानडी, इंग्रजी तिन्ही अक्षरं त्यांच्या हातात सारखी बसलेली. बेळगावच्या शहापूर, खडेबाजार भागातले पेंटरही असेच तिन्ही लिप्यांचे धनी. सीमाभागात पेंटरला हे यावंच लागतं.

तो धंदा दोन बाजूंनी आटला. १९८५ला हिरो होंडाची शंभर सीसी आली, मग इतर कंपन्यांच्या तशा गाड्या आल्या. त्यांचा रंग कारखान्यात भट्टीतून पक्का होऊन यायचा, निम्मी अंगं प्लास्टिकची, आणि रेघांच्या जागी क्लिअरखाली दाबलेली स्टिकरं. भाग फुटला तर नवा लावायचा, रंगवायचा नाही. दुसरीकडून रेडियमवाले आले. नंबरप्लेट, नावं, देवांची चित्रं सगळं मशीन कापून देऊ लागलं. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना कंपनीकडूनच उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली आणि रंगवलेल्या प्लेटचा विषय संपला. आण्णा हे शेवटचं बघायला नव्हते. त्यांच्या पिढीतल्या बहुतेकांप्रमाणं ते तोंडाला रुमाल बांधून गन चालवत. त्यांचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही.

मी स्वतः कारखान्यात गेलो तेव्हा ड्यूको मागं पडून दोन डब्यांचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, आला होता. ड्यूको नुसता थिनर उडून वाळतो, आणि पुन्हा थिनर लावला की विरघळतो. पीयूत रंगाचा डबा वेगळा, हार्डनरचा वेगळा. दोन्ही मिसळले की रासायनिक क्रिया सुरू होते आणि ती उलटवता येत नाही. पेट्रोलला तो दाद देत नाही. ठरलेल्या वेळात मिश्रण संपवलं नाही तर गनमध्येच दगड होतो. पण त्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसाला फार वाईट. नुसत्या कापडी मास्कनं ते अडत नाही, आणि एकदा दम्याचा त्रास जडला की थोड्याशा वासानंही उसळतो. घरी पीयू मारणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हे आधी सांगतो, आणि ज्याच्याकडं योग्य गाळणीचा मास्क नाही त्याला फक्त घासकाम घरी कर म्हणतो.

बेळगावनं या काळात मोठी मजल मारली. उद्यमबागेत ओतकाम आणि हायड्रॉलिक्सचे कारखाने होतेच, यमनापूरला इंडालमुळं अॅल्युमिनियमची ओळख होती. त्यानंतर २००९ साली हत्तरगीला, म्हणजे बेळगावहून निपाणीला येताना महामार्गालगतच, अरविंद मेळ्ळिगेरींच्या कंपनीनं विमानांच्या सुट्या भागांसाठी विशेष आर्थिक क्षेत्र उभारलं. आज त्याला एकस म्हणतात. तिथं कॅनडाच्या मॅगेलन कंपनीच्या भागीदारीत पृष्ठभाग प्रक्रियेचा स्वतंत्र कारखाना निघाला. अॅल्युमिनियमचे भाग टाक्यांतून बुडवत अॅनोडाइज करायचे, त्यावर प्रायमर, त्यावर रंग, प्रत्येक पायरीची नोंद. आमच्या भागातली आयटीआय झालेली मुलं असल्या कामावर लागली. धुतलेल्या भागावर पाण्याचा पापुद्रा न तुटता टिकतो का, हे बघण्याची एक चाचणी या उद्योगात जगभर ठरलेली आहे, आणि ती पार पडल्याशिवाय भाग पुढच्या टाकीत जात नाही. एका मुलानं मला ती समजावून सांगितली तेव्हा माझे डोळे भरून आले. आण्णांचा तांब्या आणि ती चाचणी यांत काडीचा फरक नाही.

आता कार्बनकडं येतो. कोळशाचा तंतू एडिसननं १८७९ सालीच केला होता, दिव्यासाठी कापसाचा धागा जाळून. पण ज्याला आपण आज कार्बन फायबर म्हणतो तो १९५८ साली अमेरिकेत रॉजर बेकननं प्रयोगशाळेत पाहिला. पुढं १९६१च्या सुमारास जपानच्या अकिओ शिंदोंनी अॅक्रिलिकच्या धाग्यापासून तो करायची वाट दाखवली, आणि १९७१ला तोरे कंपनीनं त्याचं उत्पादन सुरू केलं. १९८१ला मॅकलारेननं शर्यतीच्या मोटारीचा सांगाडाच कार्बनचा केला. आपल्याकडं बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत यावर मोठं काम झालं, आणि ४ जानेवारी २००१ला पहिल्यांदा उडालेल्या तेजसच्या अंगात या कापडाचा मोठा वाटा आहे. मोटारसायकलवर तो आधी शर्यतीत, मग महागड्या विलायती गाड्यांवर आला. २०१२ला चाकणची केटीएम ड्यूक आली आणि कोल्हापूर-बेळगावच्या पोरांना सुटे भाग बदलायची चटक लागली.

माझ्याकडं कार्बन म्हणून येणाऱ्या भागांत तीन जाती असतात. एक नुसतं नक्षीचं स्टिकर. दुसरी हायड्रो डिपिंग, म्हणजे पाण्यावर तरंगणारी छापील नक्षी प्लास्टिकवर उतरवून वर क्लिअर मारलेली. तिसरी खऱ्या कार्बनची. खरा कसा ओळखायचा, ते बेळगावच्या वडगाव-खासबागेतल्या विणकर घरातल्या मुलाला शिकवावं लागत नाही. दोन धाग्यांवरून दोन धाग्यांखालून जाणारी तिरपी वीण तो लगेच ओळखतो, आणि भाग उन्हात फिरवला की ताण्याबाण्याची चमक आलटून पालटून बदलते हेही त्याला ठाऊक असतं. छापलेल्या नक्षीत तसा बदल होत नाही.

या कापडाला राळ पाजून साच्यात घट्ट केलेलं असतं. वरची चकाकी कापडाची नसते, राळेची आणि क्लिअरची असते. राळ म्हणजे इपॉक्सी, आणि ऊन हा तिचा वैरी. क्लिअर झिजला की ती पिवळी पडते, मग पांढरी. जुना रंग उतरवायला पत्र्यावर वापरतो तो पेंट रिमूव्हर इथं चालत नाही, तो राळेलाच खातो. हीट गनही नको. घासणं हाच मार्ग.

आधी साबणानं धुवायचं, मग मेण आणि सिलिकॉन काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. तांब्याची परीक्षा इथंही घ्यायची. मग सहाशे नंबरचा वॉटर पेपर, भरपूर पाणी, मऊ रबरी ठोकळा. आता सगळं लक्ष पाण्याच्या रंगावर. घासताना पाणी दुधासारखं पांढरं होतं तोवर तुम्ही क्लिअरमध्ये आहात. ते करडं व्हायला लागलं की हात उचलायचा. काळं झालं म्हणजे धागा कापला गेला, आणि कापलेला धागा कुठलाही क्लिअर जोडू शकत नाही. कडा आणि उंचवटे आधी उघडे पडतात, म्हणून तिथं चिकटपट्टी लावून शेवटी नुसता एक हलका हात फिरवायचा. कोरडं कधीही घासायचं नाही. ती धूळ अंगाला खाजवते, श्वासात जाऊ द्यायची नाही, आणि ती वीज वाहून नेते, त्यामुळं जवळपास उघडी वायरिंग नको.

सारखा मंद झालेला भाग बघून कित्येक जण म्हणतात, झालं की मॅट, असाच राहू दे. नाही राहत. घासलेल्या चरांत तेल, घाम, मळ बसतो आणि हात लागेल तिथं तो चमकायला लागतो. शिवाय उन्हाला आडोसा उरत नाही. म्हणून आठशे नंबरनं एकसारखा करून त्यावर ऊन अडवणारा मॅट क्लिअर मारायचा. त्यात बारीक सिलिका असते, ती पृष्ठभागावर सूक्ष्म खडबड तयार करते आणि प्रकाश सगळीकडं विखुरते. डबा तळापासून ढवळून घ्यायचा, नाहीतर सिलिका खाली बसते आणि अर्धा भाग चमकतो. गनचं अंतर, हाताचा वेग, प्रत्येक फेरीचा निम्मा भाग आधीच्यावर चढणं, यात कुठंही घट-वाढ झाली तर वाळल्यावर पट्टे दिसतात. आण्णांच्या रेघेचा दम इथं लागतो. उलट, मॅटचं चकचकीत करायचं असेल तर सोपं आहे: चकचकीत क्लिअरचे पातळ दोन-तीन कोट, आठवडाभर वाळवण, मग पंधराशे, दोन हजार, कंपाउंड. बसवताना अॅल्युमिनियमला कार्बन थेट टेकू द्यायचा नाही, मध्ये नायलॉनचा वॉशर घालायचा. पावसाचं पाणी दोघांच्या मध्ये राहिलं तर अॅल्युमिनियम कुजतं.

काही कामं मी घेत नाही. कार्बनची चाकं आणि हँडल बाहेरच्या बाहेर परत पाठवतो. ज्या भागावर माणसाचा जीव टांगलेला आहे तो दिसण्यासाठी घासायचा नसतो. निपाणीजवळच्या तवंदी घाटात पडलेल्या गाड्यांचे भाग येतात तेही आधी वाजवून बघतो. जुनी गाडी विकत घेणारे आण्णांना सोबत न्यायचे, ते टाकीवर नखानं टिचक्या मारत जायचे, आणि जिथं आवाज बद्द येई तिथं खाली लांबीचा थर किती आहे ते सांगायचे. कार्बनवर मी नाण्यानं तेच करतो. चांगल्या भागाचा आवाज टणक आणि सगळीकडं सारखा येतो. एखाद्या ठिकाणी तो मरतो, म्हणजे आतले थर सुटलेत. वरून ओरखडाही नसला तरी. असा भाग आणणाऱ्याला वाटतं, वरून क्लिअर मारला की झाकून जाईल. झाकून जातंच, म्हणून तर मी तो घासायला घेत नाही. खडूनं त्या जागेवर गोल करून परत देतो आणि नवा घे म्हणून सांगतो.